खेड्यांतील एक मेथडिस्ट देऊळ आणि सहा शेतमजूर

(परभणी जिल्ह्यांतील एका खेड्यांत शेतकरी, शेतमजूर व कारागीर मंडळींपुढें दिलेलें भाषण)



तुमच्या गांवांतल्या लहानशा मेथडिस्ट देवळाचा इतिहास सांगण्याकरितां तुम्हीं मला बोलाविलें. मी ख्रिस्ती नाहीं, पाद्री नाहीं, प्रोफेसर तर मुळींच नाहीं. तरी बोलाविलें, म्हणून आलों. सकाळीं तें देऊळ पाहून घेतलें. चार भिंती, वर पत्रे, दारापुढें लिंबाचें झाड आणि त्याला टांगलेली घंटा. कोनशिला नाहीं, कीं कोणाचें नांव नाहीं. मीं विचारलें, हें कोणीं बांधलें? एक गृहस्थ म्हणाले, "साहेबानें बांधलें." दुसरे म्हणाले, "मिशननें बांधलें." तेवढ्यांत ओट्यावर बसलेली एक म्हातारी बोलली, "अरे, साहेब घोड्यावर बसून आला अन् गेला. माती आम्हीं वाहिली."

मंडळी, तिच्या या एका वाक्यांत जेवढा इतिहास आहे, तेवढा पुष्कळ जाड पुस्तकांत नसतो. पण तो कागदावर नाहीं. म्हणून आज मी तुम्हांला याच पंथाच्या दुसऱ्या एका लहान देवळाची हकीकत सांगणार आहें. तें देऊळही खेड्यांतलेंच आणि मातीच्याच भिंतींचें. तें फार दूर विलायतेंत आहे, पण त्याचा इतिहास बारीकसारीक तपशिलासह लिहिलेला आहे; आणि तो लिहिणारा नांगर धरणारा मजूर होता. त्याची हकीकत ऐकल्यावर या देवळाचें काय करावें, तें तुमचें तुम्हांलाच सुचेल.

प्रथम हा पंथ आपल्या मुलखांत कसा आला तें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेचा विल्यम टेलर नांवाचा उपदेशक 1870 सालीं हिंदुस्थानांत आला व 1871 च्या नोव्हेंबरांत मुंबईस पोंचला. 1849 पासून त्यानें सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उभें राहून उपदेश केला होता. त्याचा हट्ट असा कीं, मंडळीचा खर्च मंडळीनेंच सोसावा, परदेशच्या सोसायटीपुढें हात पसरूं नये. मुंबईंत त्याला जॉर्ज बोवेन मिळाला. हा बोवेन 1848 सालीं मिशनरी म्हणून आलेला. एका वर्षानेंच त्यानें मिशनचा पगार सोडला आणि गरिबांच्या वस्तींत गरिबासारखा राहिला. 1888 सालीं तो मुंबईंतच वारला. प्रारंभीं या मंडळींत इंग्रजी बोलणारेच लोक फार होते. मराठी खेड्यापाड्यांकडे हें काम मागाहून वळलें. या अमेरिकन शाखेच्या हिंदी मंडळ्या 1981 सालीं स्वतंत्र झाल्या आणि मेथडिस्ट चर्च इन इंडिया हें त्यांचें नांव झालें.

आपला जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत. त्याच राज्यांत तेलंगी मुलखांत मेदक येथें विलायती मेथडिस्टांनीं मोठें थोरलें देऊळ बांधलें. तें 1924 च्या नाताळांत खुलें झालें, आणि त्याच्या बांधकामावर दुष्काळांत पोळलेल्या लोकांना काम मिळालें. तें पाहावयाला लांबलांबून लोक जातात. जावें. परंतु मोठ्या देवळाला बघे पुष्कळ मिळतात. लहान देवळाची वास्तपूस करणारा कोणी भेटत नाहीं.

आतां मूळ विलायतेकडे जाऊं. तेथें धर्माच्या नांवावर पोट भरणारे नव्हते असें समजूं नका. तेथें सरकारी धर्म होता. गांवोगांव सरकारी धर्माचा पाद्री असे, आणि शेतकऱ्याच्या पिकाचा दहावा हिस्सा त्याच्या हक्काचा. खळ्यावर रास पडली कीं दशांश आधीं पाद्रीबुवांचा. आपल्याकडे खळ्यावर हात पसरून कोण कोण उभे राहत असत, तें तुम्हांला मीं सांगावयास नको. हा पाद्री बहुधा जमीनदाराच्या पंक्तीला बसणारा, आणि मजूर देवळांत मागच्या बाकावर.

जॉन वेस्ली हा याच सरकारी धर्माचा पाद्री. 1703 सालचा जन्म. कॉलेजांत तो व त्याचे सोबती नेमानें प्रार्थना, वाचन व तुरुंगांतल्या कैद्यांची विचारपूस करीत, म्हणून पोरांनीं त्यांना 'मेथडिस्ट', म्हणजे नेमवाले, असें चिडवून नांव ठेविलें. पुढें देवळांचीं दारें त्याला बंद झालीं, तेव्हां 1739 सालीं ब्रिस्टल शहराजवळ तो उघड्या माळावर, कोळशाच्या खाणींतल्या मजुरांपुढें बोलूं लागला. ज्यांना कोणी देवळांत विचारीत नव्हतें, ते हजारोंनीं माळावर येऊं लागले.

पण मला त्याच्या उपदेशापेक्षां त्याच्या मंडळीचा हिशेब जास्त मोलाचा वाटतो. ब्रिस्टलच्या सभागृहाचें कर्ज फिटेना. 1742 सालीं बैठक भरली. एकानें सुचविलें कीं, प्रत्येकानें आठवड्याला एक पेनी द्यावी. बारा पेनींचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पाउंड. म्हणजे पेनी ही अगदीं लहान नाणीं. दुसरा म्हणाला, कित्येकांजवळ तेवढीही नाहीं. तेव्हां सूचना करणारा म्हणाला, "माझ्याकडे अकरा गरीब द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरीं जाईन. ज्याच्यानें होईल तो देईल, ज्याच्यानें होणार नाहीं त्याची मी भरीन." यांतून बारा बारा माणसांचे वर्ग झाले. प्रत्येक वर्गाला एक मुखत्यार. तो घरोघर जाई, पेनी जमवी, कोण आजारी, कोण दारूकडे वळला, कोणाची मजुरी बुडाली, याची विचारपूस करी. हा मुखत्यार कोण? कोठें चांभार, कोठें लोहार, कोठें विणकर, कोठें शेतमजूर. तो वाचावयास शिकला, जमाखर्च मांडावयास शिकला, चार माणसांपुढें उभें राहून न अडखळतां बोलावयास शिकला. पुढें त्यांतलेच कित्येक रविवारीं उपदेशही करूं लागले. पगार नाहीं, जन्माचा अधिकार नाहीं. आठवडाभर नांगर धरावयाचा आणि रविवारीं पांच-सात मैल पायीं जाऊन बोलावयाचें. गंगाखेडच्या जनाबाईच्या जिल्ह्यांत हें नवल वाटण्याचें कारण नाहीं. राबणाऱ्या माणसाच्या तोंडून धर्म निघतो, हें आपण जात्यावर ऐकलेलें आहे.

डॉर्सेट परगण्यांत टॉलपडल नांवाचें खेडें आहे. जवळून पिडल नांवाची नदी वाहते, आणि डॉर्चेस्टर हें परगण्याचें मुख्य गांव तेथून सात मैलांवर. या खेड्यांतल्या मेथडिस्ट मजुरांनीं 1818 सालीं आपलें देऊळ उभें केलें. भिंती कशाच्या? मातींत काड तुडवून, थरावर थर देऊन, वाळवून घातलेल्या. आपल्या पांढरीच्या भिंती आणि माळवदाचीं घरें ज्यांनीं बांधलीं आहेत, त्यांना हें काम समजावून सांगावें लागणार नाहीं. आंत एकच खोली. गांवांत सरकारी धर्माचें जुनें दगडी देऊळ असतांना मजुरांनीं वेगळी मातीची खोली बांधावी, हें जमीनदाराला व पाद्र्याला कसें आवडावें?

या खोलींत बोलणारा जॉर्ज लव्हलेस. जन्म 1797. धंदा नांगरट. बायको व तीन मुलें. रात्रीं दिव्यापाशीं बसून स्वतःच शिकला, आणि पोटाला चिमटा घेऊन धर्माचीं थोडीं पुस्तकें जमविलीं. त्याचा भाऊ जेम्स हाही उपदेश करी. मेहुणा टॉमस स्टँडफील्ड व त्याचा मुलगा जॉन हेही याच मंडळींतले.

तो काळ मजुराला फार वाईट होता. गांवाचीं गायरानें व पड जमिनी कायद्यानें कुंपणांत घेऊन मोठ्यांच्या पदरांत घातल्या होत्या. गरिबाची गाय व बदकें चरावयाची जागा गेली. हिंवाळ्यांत मळणी हें मजुराचें काम. तें मळणीच्या यंत्रांनीं नेलें. 1830 सालीं दक्षिण इंग्लंडांत मजुरांनीं यंत्रें फोडलीं, गंजी पेटविल्या. सरकारनें 19 जणांना फांशी दिलें व चारशेंवर लोकांना समुद्रापार हद्दपार केलें.

टॉलपडलच्या मजुरांनीं गंजी पेटविल्या नाहींत. ते बोलावयास गेले. मालकांनीं कबूल केलें कीं, परगण्यांत इतरत्र मिळते तेवढी, म्हणजे आठवड्याला 10 शिलिंग मजुरी देऊं. या बोलण्याला गांवचा सरकारी पाद्री साक्षी होता. तुम्ही मुकाट्यानें कामाला जा, ठरलेली मजुरी मिळेल, याला मी साक्षी आहें, असें तो म्हणाल्याचें लव्हलेसनें लिहून ठेविलें आहे. पुढें काय झालें? इतर गांवीं 10 शिलिंग मिळत, येथें 9 मिळाले. मग 8 झाले. मग 7. आणि आतां 6 देऊं, अशी भाषा निघाली. मजूर मॅजिस्ट्रेटाकडे गेले, पाद्र्याची साक्ष काढली. पाद्रीबुवा म्हणाले, मी असें कांहीं बोललोंच नाहीं!

सात शिलिंगांत पांच माणसांचें कुटुंब कसें चालावें? लव्हलेस लिहितो कीं, प्रामाणिकपणानें एवढ्यांत जगणें अशक्य होतें. मग उपाय कोणता? त्याला एकच गोष्ट करतां येत होती, आणि ती तो त्या मातीच्या खोलींत शिकला होता. माणसें गोळा करावयाचीं, नियम लिहावयाचे, आठवड्याची पेनी जमवावयाची. 1833 च्या आक्टोबरांत त्यांनीं शेतमजुरांची मित्रमंडळी काढली. प्रवेश फी 1 शिलिंग, पुढें आठवड्याला 1 पेनी. तीच ब्रिस्टलची पेनी! 10 शिलिंगांच्या आंत काम करावयाचें नाहीं, आणि मारझोड वा दंगा करून मंडळीचा हेतु साधावयाचा नाहीं, हें नियमांतच घातलें.

एक चूक त्यांनीं केली, ती लपवीत नाहीं. नवा सभासद घेतांना स्टँडफील्डच्या माडीवर त्याचे डोळे बांधीत, हाडांच्या सांपळ्याचें चित्र दाखवीत आणि गुप्ततेची शपथ घालीत. त्या काळच्या कारागिरांच्या मंडळ्यांत ही रीत होतीच. पण उघड हिशेब ठेवावयास शिकलेल्या माणसांनीं शपथेच्या अंधारांत शिरण्याचें कारण नव्हतें, असें माझें मत आहे. याच भोंकांतून साप आंत शिरला.

त्या भागांत जेम्स फ्रॅम्प्टन नांवाचा मोठा जमीनदार मॅजिस्ट्रेट होता. त्यानें लंडनला गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांस लिहिलें. आतां मजुरांनीं संघ काढणें 1824 पासून बेकायदा नव्हतें. मग पकडावयाचें कशावरून? 1797 सालीं आरमारांतल्या खलाशांचें बंड झालें, त्या वेळीं गुप्त शपथांविरुद्ध केलेला कायदा हुडकून काढला. खलाशांसाठीं केलेला फांस नांगऱ्यांच्या गळ्यांत! आपले मामलेदार-वकील एवढे हुशार नाहींत असें मी म्हणत नाहीं.

24 फेब्रुवारी 1834 च्या सकाळीं लव्हलेस कामाला निघाला, तों दारांत शिपाई. सहा जण धरले: लव्हलेस बंधू, स्टँडफील्ड बापलेक, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन. सात मैल चालत डॉर्चेस्टरला नेले. मार्च महिन्यांत खटला झाला. ज्या पंचांनीं खटला चालवावा कीं नाहीं हें ठरवावयाचें, त्यांत खुद्द फ्रॅम्प्टन बसलेला! लव्हलेसनें लेखी जबाब दिला कीं, आम्हीं कोणाची अब्रू, कोणाचें अंग, कोणाची मालमत्ता यांस धक्का लावला नाहीं. आमच्या बायकापोरांची उपासमार व दैना टळावी एवढ्यासाठीं एकत्र झालों. सहाही जणांना सात वर्षें हद्दपारी झाली. बेड्या घालून नेतांना लव्हलेसनें कागदाच्या चिटोऱ्यावर चार ओळी लिहून लोकांच्या गर्दींत टाकल्या. त्या आजही इंग्लंडांत लोकांना ठाऊक आहेत. नांगऱ्याला लिहितां येत होतें याचा असा उपयोग झाला.

मग त्यांना जहाजांत घालून आस्ट्रेलियाकडे धाडलें. पांच जणांना न्यू साउथ वेल्सला आणि लव्हलेसला मागाहून टास्मानियाला. आणि मागें राहिलेल्या बायका? त्या गांवच्या गरीबफंडाकडे मदत मागावयास गेल्या. उत्तर मिळालें कीं, संघ काढणाऱ्यांच्या बायकांना दाणा मिळणार नाहीं. माझ्या मतें या हकीकतींतलें सर्वांत काळें पान हें आहे. नवऱ्यांना कायद्यानें शिक्षा झाली असें म्हणतां येईल. चिल्यापिल्यांना उपाशी ठेवण्याचा हुकूम कोणत्या कायद्यांत होता?

पंथाच्या वरिष्ठांनीं काय केलें, तेंही ऐका. मेथडिस्टांचे पुढारी एव्हांना प्रतिष्ठित झाले होते. सरकारची मर्जी त्यांना हवी होती. त्यांनीं या सहा जणांच्या मागें आपलें वजन घातलें नाहीं. धांवून आले ते लंडनचे शिंपी, सुतार, कामगार. 21 एप्रिल 1834 रोजीं लंडनच्या कोपनहेगन फील्ड्स मैदानावर हजारों कारागीर जमले व अर्ज घेऊन मिरवणुकीनें निघाले. त्यांच्या कमिटीनें वर्गणी काढून या बायकामुलांना पोसलें. शेवटीं मार्च 1836 मध्यें सरकारला पुरी माफी द्यावी लागली. लव्हलेस जून 1837 मध्यें परत आला, चार जण 1838 मध्यें, हॅमेट 1839 मध्यें. लव्हलेसनें सगळी हकीकत लिहून 1837 सालीं पुस्तक छापलें. मीं जें सांगितलें त्यांतलें पुष्कळ त्याचेंच आहे.

हॅमेटखेरीज बाकीचे पुढें कॅनडांत जाऊन शेतकरी झाले. तेथें लव्हलेसनें काय केलें? सायलोम नांवाच्या खेड्यांत पुन्हा एक लहान मेथडिस्ट देऊळ बांधण्यास हातभार लावला. वरिष्ठांनीं पाठ फिरविली म्हणून त्यानें आपली मंडळी सोडली नाहीं. तो 1874 सालीं वारला. हॅमेट मात्र टॉलपडललाच राहिला. म्हातारपणीं डॉर्चेस्टरच्या अनाथगृहांत गेला आणि 1891 सालीं तेथेंच मेला.

ही एकच गोष्ट असती तर योगायोग म्हटलें असतें. पण 7 फेब्रुवारी 1872 रोजीं वेल्सबर्न खेड्यांत झाडाखालीं हजारों शेतमजूर जमले, त्यांच्यापुढें बोलणारा जोसेफ आर्च कोण? कुंपणें छाटणारा मजूर, आणि मेथडिस्टांच्या दुसऱ्या एका शाखेचा बिनपगारी उपदेशक! त्यानें देशभर शेतमजुरांचा संघ उभारला आणि 1885 सालीं तो पार्लमेंटांत निवडून गेला.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललें होतें? 24 सप्टेंबर 1873 रोजीं पुण्यास जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज स्थापला, आणि देव व माणूस यांच्यामध्यें दलाल नको असें सांगितलें. त्या समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 सालीं मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळविली. त्यांनीं टॉलपडलची नक्कल केली असें मी म्हणत नाहीं. पण धर्माचें काम आपल्या हातानें करावयास शिकलेला माणूस मजुरीचा हिशेबही विचारूं लागतो, हें दोन्हीकडे सारखेंच दिसतें.

आतां त्या मातीच्या देवळाचें काय झालें? 1860 नंतर थोड्याच वर्षांत मंडळीनें विटांचें नवें देऊळ बांधलें. त्याच्या दारांत या सहा जणांच्या स्मरणार्थ कमान आहे; ती 1912 सालीं आर्थर हेंडरसन या मजूरपुढाऱ्यानें उघडली. 1934 सालीं, शंभर वर्षें झालीं म्हणून, कामगारसंघांनीं गांवांत सहा घरें बांधलीं, आणि दर जुलैंत तेथें मोठी जत्रा भरते. जुनी खोली मात्र शेतीचें कोठार झाली. गवत, औतें, अडगळ. भिंती फुगल्या, कोसळावयास आल्या. कमानीला हार पडत, आणि ज्या खोलींत तीं माणसें तयार झालीं, तिच्यांत सामानसुमान! अगदीं अलीकडे गांवकऱ्यांच्या एका विश्वस्त मंडळानें ती विकत घेऊन, मातींत काड तुडवूनच दुरुस्त करविली.

तुमच्या गांवांत, ऐकतों, जुनें देऊळ पाडून सिमेंटचें बांधावें असें चाललें आहे. बांधा, पावसाळ्यांत गळतें हें मीं सकाळींच पाहिलें. त्याला मी आड येणार नाहीं. पण भिंत पाडण्यापूर्वीं त्या भिंतीची लांबी-रुंदी मोजून ठेवा, फोटो काढा. जुन्या वर्गणीच्या वह्या कोणाच्या तुळईवर, कोणाच्या पेटींत असतील त्या आणा; धान्याची मूठ कोणीं कोणीं घातली तेंही त्यांत असेल. आणि देवळाबाहेरच्या मंडळींनीं मागें राहूं नये. ती घंटा कोणा लोहारानें टांगली असेल, दार कोणा सुताराचें असेल. ते कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे होते तें तुम्हांलाच ठाऊक. ख्रिस्ती झाल्यावरही ज्यांना पाणवठ्यावर जातीनेंच हांक मारली गेली, त्यांनींही तें स्पष्ट सांगावें. तें वगळून लिहिलेला इतिहास खोटा होईल.

मीं शंभर पानांची एक कोरी वही आणली आहे. ती येथें टेबलावर ठेवतों. मास्तर, तुम्ही लिहावयास बसा. सकाळीं बोललेल्या आजीबाई तेथें दाराशीं बसल्या आहेत. त्यांना पुढें येऊं द्या. आजी, माती कोणत्या बरडावरून आणली होती, आणि तुमच्याबरोबर आणखी कोण कोण होतें, तें आधीं सांगा.